कातडं, रापी आणि मी

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळानं पोटात घालाव्यात. तसंही या लेखातले निम्मे मराठी शब्द मला पुस्तकानं शिकवलेले नाहीत. ते शिकवले शेगाव स्टेशनच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी.

झालं असं की सेकंड इयरला माझ्या सॅकचा पट्टा तुटला. काका तो शिवत होते आणि मी शेजारी दगडावर बसून माझ्या पायातल्या कोल्हापुरीवरची नक्षी बघत होते. मी विचारलं, "काका, हे डिझाईन छापतात का?" काका हसले. "छापत नाही वो पोरी, ठोकतेत." आणि त्यांनी त्यांच्याकडचा एक जुना ठसा काढून दाखवला. बस, तिथून माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं.

इंटरनेटवर शोधलं तर अख्खं जगच सापडलं. अमेरिकेत घोड्यांची खोगिरं बनवणाऱ्यांनी ही कला वाढवली. फुलं, पानं, वेली चामड्यावर अशा कोरतात की लाकूडकाम वाटावं. तिथं ती हजारो लोकांची हॉबी आहे. म्हटलं, आपण मेकॅनिकलवाले, वर्कशॉपमध्ये तास-तास फाईल घासतो, हे काय अवघड!

पहिला प्रयत्न सपशेल फसला. काकांकडून पर्सच्या चामड्याचे तुकडे आणले, बोल्टच्या टोकावर फाईलनं चौकडी पाडून ठसा केला आणि हॉस्टेलच्या खोलीत ठोकायला बसले. रेक्टर मॅडम वर आल्या तो भाग सोडा. पण चामड्यावर ठसा उमटायचा आणि दहा मिनिटांत गायब! जणू स्पंजवर बोट दाबलंय. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे क्रोमचं हाय. याले काहीच याद रायत नाही. तुले झाडाच्या सालीचं पायजे."

आता इथं थोडं इंजिनिअरिंग. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या तंतूंचं जाळं. ओलं ठेवलं तर ते कुजतं, नुसतं वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं. ते टिकाऊ करण्याला कमावणं म्हणतात. (आणि हो, कमावल्यावर त्याला चामडं म्हणायचं, त्याआधी कातडं. काका दोन्हीला कातडंच म्हणतात, म्हणून शीर्षकात तोच शब्द.) कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती. पहिली जुनी, झाडातल्या टॅनिनची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापूरकडे तर कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवायची पद्धत होती. या कामाला कित्येक दिवस, कधी महिने लागतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आली, काम एक-दोन दिवसांत होतं, म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं. आपली पर्स, जॅकेट, ऑफिसचे बूट, सगळं.

क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक. दाबलं की परत वर येतं. सालीच्या चामड्यात टॅनिन तंतूंमध्ये ठासून भरलेलं असतं, त्यामुळे ते भरीव आणि ताठ असतं. त्याला पाणी दिलं की तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. त्या अवस्थेत ठोकलं तर ते दबतात, आणि पाणी उडालं की तिथेच घट्ट बसतात. आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये शिकतो ते प्लास्टिक डिफॉर्मेशन हेच की! फरक एवढाच की इथं यील्ड पॉईंट तुम्ही पाण्यानं खाली आणता.

कोणतं चामडं कोणतं हे ओळखायचं कसं? उकळत्या पाण्यात बारीक पट्टी टाका. सालीची पट्टी आकसून वाकडी होते, क्रोमची जवळपास तशीच राहते. (मी हा प्रयोग कशात केला ते विचारू नका. हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक किटलीला बंदी आहे.)

सालीचं चामडं मी शेवटी मामाकडून मुंबईहून, धारावीतून मागवलं. तीन मिलिमीटर जाड, फिकट, बिस्किटाच्या रंगाचं. त्यावर काम करायची पद्धत अशी. आधी स्पंजनं सगळीकडे सारखं पाणी द्यायचं. चामडं गडद होतं. मग थांबायचं. खरी कला या थांबण्यातच आहे. रंग परत फिका व्हायला लागला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, ती बरोबर वेळ. जास्त ओलं असेल तर ठसा चिखलात उमटल्यासारखा येतो, कोरडं असेल तर उमटतच नाही. रात्री पाणी देऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर सकाळी ओल आतपर्यंत सारखी मुरलेली मिळते.

मग ट्रेसिंग पेपरवरचं चित्र शाई संपलेल्या बॉलपेननं उतरवायचं. रेषा फिरत्या मुठीच्या छोट्या चाकूनं कापायच्या. तर्जनी वरच्या खाचेत, अंगठा आणि मधलं बोट दांडा फिरवतात. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच कापायचं, आरपार नाही. नंतर त्या कापाच्या एका बाजूला तिरप्या तोंडाचा ठसा ठेवून ठोकत जायचं. ती बाजू खाली दबली की दुसरी आपोआप वर उठून दिसते. म्हणजे खरं तर काहीच कोरून काढलेलं नसतं, सगळा दाबण्याचा खेळ! खाली शहाबादी फरशीचा तुकडा, हातात लाकडी मोगरी. लोखंडी हातोडी नको, ठशाचं डोकं चेपतं.

तर अशी सगळी तयारी करून मी एक छान पान ठोकलं, जेवायला गेले, आणि येऊन बघते तर त्यावर निळे-काळे डाग. मी रडायच्या बेतात. खोलीतली केमिकलवाली मात्र एकदम खूश! म्हणाली, अगं, टॅनिन अधिक लोखंड, ही तर जुन्या काळची शाई. कापडाला काळा रंग द्यायला हिरडा आणि लोखंड वापरतात तीच रिअ‍ॅक्शन. माझे ठसे साध्या बोल्टचे होते आणि चामडं ओलं होतं. थोडे डाग लिंबाच्या रसानं गेले, थोडे राहिले. तेव्हापासून ठसे स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचे. एक नक्षीचा ठसा खामगावहून मिळाला. तिथं चांदीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एका कारागिरानं वापरात नसलेला ठसा मला नुसताच देऊन टाकला.

आता जे लिहायचं की नाही असा प्रश्न होता ते लिहिते. मी तयार केलेलं कॅल्क्युलेटरचं कव्हर मेसमध्ये सगळ्यांना दाखवत होते. आमच्या विंगमधली एक मैत्रीण काहीच बोलली नाही. रात्री खोलीवर आली आणि म्हणाली, "माझे आजोबा हेच करायचे. आईनं मला कधी रापीला हात लावू दिला नाही. तू केलंस तर सगळे वॉव म्हणतात. मी केलं असतं तर काय म्हणाले असते?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. काकांनीही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हे काहाले शिकून रायली तू? इंजिनेर होनार ना?" तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, आणि वडील काय करतात ते तिथं कुणाला सांगत नाही, हे मला नंतर कळलं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला दाखवल्या. आपल्याकडे ओरड झाल्यावर त्यांनी मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलांची होती. ही बातमी मी काकांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "शिलाई बरी हाय." किंमत ऐकल्यावर बराच वेळ मोबाईल माझ्या हातात परत दिला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या रापीसाठी एक म्यान केलं, बाभळीच्या पानाची नक्षी ठोकून. ती मैत्रीण शिवायला बसली होती. टाके तिचे आहेत, सरळ, एकसारखे. आईनं हात लावू दिला नाही तरी बघून शिकली होती म्हणे. काकांनी म्यान उलटसुलट पाहिलं, एका पानाच्या कडेला मी चुकीच्या बाजूनं ठोकलंय ते लगेच दाखवलं, आणि टाके कोणाचे म्हणून विचारलं.

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, तिले घेऊन ये एकडाव.