शेजाऱ्याला दिसतो तेवढा माणूस

या आठवड्यात भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ घेऊ म्हटलं होतं. त्यातल्या पोक्याला आणखी एक आठवडा नाक्यावर उभं राहावं लागणार. त्याला सवय आहे. मधेच परळहून एम.ए.ला बसणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. तिच्या गाइडात छापलंय की पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधली पात्रं सपाट आहेत, त्यांचा विकास होत नाही, सबब करमणुकीपलीकडे या पुस्तकाला मोल नाही. परीक्षेत हेच लिहायचं का, असं ती विचारते. परीक्षेचं मी काय सांगणार! पण या मुद्द्यावर माझं डोकं फार जुन्या काळापासून तापलेलं आहे, तेव्हा आजचा हप्ता त्यातच जाणार.

सपाट आणि गोल ही वाटणी ई. एम. फॉर्स्टरची. केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांचं त्याचं पुस्तक १९२७ साली निघालं आणि जगभरच्या मास्तरांची सोय झाली. ज्या पात्राचं सार एका वाक्यात मावतं ते सपाट. जे आपल्याला चकित करतं आणि तरी पटतं, ते गोल. गाइडवाले इथे पान उलटतात. फॉर्स्टर मात्र पुढे गेला होता. डिकन्सची जवळजवळ सगळी माणसं सपाट आहेत, तरी त्यांच्यात माणसाची खोली जाणवते, हे त्यानेच लिहून ठेवलंय. असं का होतं, तर डिकन्सचं स्वतःचं चैतन्य त्यांच्यात उतरतं म्हणून, असं काहीसं सांगून तो विषय आवरता घेतो. ठाकुरद्वारच्या एखाद्या चाळीत त्याने वर्षभर बिऱ्हाड केलं असतं, तर याहून बरं कारण हाती लागलं असतं.

चाळीत माणूस माणसाला कुठे भेटतो? नळावर, संडासच्या रांगेत, जिन्यात, गॅलरीत वाळत घातलेल्या धोतरांखालून वाकून जाताना. भेटतो रोज, पण दोन-दोन मिनिटं. तीन मजल्यांवरची एवढी माणसं डोक्यात ठेवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला एकच खुंटी येणार. हा पेटीवाला. ते पत्रिका बघणारे. तो सारख्या सहली काढणारा. एकदा शिक्का बसला की बसला. पुढे त्याने पेटी विकून टाकली तरी चाळीच्या लेखी तो पेटीवालाच. शेजाऱ्यांनी कुणाला गोल केल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही. तेवढा वेळ कुणाला असतो?

‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक या नजरेतून लिहिलेलं आहे. १९५८ साली ते मौजेने काढलं, म्हणजे खुद्द गिरगावातल्या खटाववाडीतून. त्यातले सोकरजी त्रिलोकेकर तोंड उघडतात तेच पाठारे प्रभूंच्या घरातल्या बोलीत. एच्च. मंगेशराव म्हटलं की गाणं आलं, अण्णा पावशे म्हटलं की ग्रह आले, आचार्य बाबा बर्वे म्हटलं की आत्मशुद्धी आली. त्यातला ‘उपास’ हा लेख पुन्हा काढून वाचा. पंतांना वजन कमी करायचंय, ही खरं तर ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट. पण चाळीत बातमी फुटते आणि जो तो न मागता सल्ला घेऊन हजर होतो. एकाचा भातावर राग, दुसऱ्याचा बटाट्यावर, तिसऱ्याचा साखरेवर. पथ्य पंतांचं आणि स्वभाव सल्ला देणाऱ्याचा, अशी ती वाटणी आहे. इथे एखादा शेजारी अचानक गोल झाला असता, आपल्या बालपणीच्या दुःखाकडे वळला असता, तर लेख जागच्या जागी कोसळला असता.

त्याच पुस्तकातल्या ‘गच्चीसह झालीच पाहिजे’मध्ये हे सगळे शिक्के एका मागणीपाठी गोळा होतात. हा लेख आज नुसता विनोद म्हणून वाचला जातो, पण तारखा लक्षात घ्या. संयुक्त महाराष्ट्र समिती झाली फेब्रुवारी १९५६ मध्ये, राज्य आलं १ मे १९६० ला. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा गिरगावात रोज कानावर पडत होती आणि निकाल लागायचा होता. काहींना यात चळवळीची टिंगल दिसते. मला दिसत नाही. मोठ्या सभेत माणूस कसा बोलतो हे चाळीला ठाऊक होतं, कारण तिची निम्मी माणसं त्या सभांना जाऊन आलेली असणार. गच्ची मागतानाही ती त्याच आवाजात मागतात.

सपाटपणाचा आणखी एक उपयोग आहे, तो पुस्तकाच्या पानावर दिसत नाही. साठच्या दशकात पु. ल. एकटे रंगमंचावर उभे राहून ही अख्खी चाळ सादर करायचे. एकाच देहातून एवढी माणसं काढायची तर पहिल्या शब्दाला, फार तर पहिल्या हुंकाराला, कोण आलं ते शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे. गोल पात्राची ओळख पटायला अख्खा अंक लागतो. एकट्या नटाजवळ तेवढी उधारी नसते.

गोल पात्र त्यांना जमत नव्हतं म्हणावं, तर ‘असा मी असामी’ समोर आहे. धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी हा त्याच जगातला कारकून. गॅलरीतून पाहिला असता तर ‘हापिसात जाणारे जोशी’ एवढाच उरला असता. पु.लं.नी त्याला ‘मी’ म्हणू दिलं. मग तो काळाबरोबर नाखुशीने बदलतो, प्रत्येक नव्या टुमेला आधी कुरकुरतो आणि मग निमूट सामील होतो, आणि आपल्याला त्याचं हसू येतायेता आपलंच येऊ लागतं. लेखक तोच, माणसंही त्याच पेशाची. कॅमेरा तेवढा गॅलरीतून खोलीत गेला.

खोलीत गेलाच आहे तर आता लालबागला चला. जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ सालचं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यानंतर गिरणगावातल्या घराचं काय झालं ते या नाटकात आहे. खोलीचं माप डोळ्यांसमोर हवं असेल तर बीडीडी चाळीतली खोली आठवा: १६० चौरस फूट. बाबा, मोहन, नरू हे भाऊ, बहीण मंजू आणि आई. शिक्के इथेही तयार आहेत. एक लिहिणारा, एक क्रिकेटवेडा, एक टोळीच्या वाटेने गेलेला. नाक्यावर कुणाला विचाराल तर एवढंच सांगेल. पण पवार आपल्याला नाक्यावर उभं करत नाहीत, खोलीत बसवतात. तिथे भावाला भाऊ दोन मिनिटं दिसत नाही, दिवसभर दिसतो: बेकार, चिडलेला, जेवताना, झोपेतून उठताना. एवढ्या जवळून पाहिलेल्या माणसाला शिक्का पुरत नाही. म्हणून ‘चाळ’ आणि ‘अधांतर’ यांना एकाच गजाने मोजू नये असं मला वाटतं. एकात शेजारी बघतोय, दुसऱ्यात घरचा माणूस.

तर पत्रलेखिकेला माझं सांगणं: पात्रं सपाट आहेत असं खुशाल लिही, पण पुढच्याच ओळीत ती कुणाला सपाट दिसताहेत ते लिही. आणि पु.लं.शी भांडायचंच असेल तर भांडणाची जागा दुसरी आहे. चाळीतल्या पुरुषांना निदान एकेक शिक्का मिळालाय: गाणं, ग्रह, आत्मशुद्धी. बायका मात्र बहुतेक कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी काकू म्हणून येतात, आणि तशाच पानाआड जातात. नळावरचं भांडण बायकांचं, चाळीची खरी खबर बायकांकडे, आणि गॅलरीतून बघणारा डोळा तेवढा पुरुषाचा. ही त्रुटी कुठल्याही चैतन्याने भरून निघत नाही. ‘अधांतर’मधल्या आईपाशी आलं की ती जास्तच टोचते. पण आईबद्दल लिहायला बसलो तर ‘वासूनाका’ दिवाळीपर्यंत जाईल. पुढच्या आठवड्यात पोक्या. पुस्तक १९६५ सालचं आहे आणि भाऊ पाध्यांची भाषा सांभाळून बोलणारी नाही. घरात मोठ्याने वाचायच्या आधी एकदा मनात वाचून घ्या.