ओतूरचे पन्नास

सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज वाचायला मिळतात आणि तिन्हींत ख्यालीखुशालीचा मजकूर जेमतेम आहे. १८५६ चे पत्र नायगावचे. महार-मांगांना शिकवण्यावरून भावाशी झालेला वाद आणि त्याला दिलेले उत्तर त्यात आहे. १८६८ चे पत्रही नायगावचेच. पोथी-पंचांग घेऊन फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून दिवस गेलेली महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले होते, तेव्हा सावित्रीबाई मध्ये पडल्या. तिसरे २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेले. पहिल्या दोन पत्रांवर भाषणे होतात, एकांकिका होतात. तिसऱ्यातला दुष्काळाच्या वर्णनाचा भाग तेवढा उचलला जातो आणि पुढचा मजकूर वाचायचा राहून जातो. माझे कुतूहल अनेक वर्षे त्या पुढच्या मजकुरावर खिळलेले आहे, कारण आपल्याकडे ‘समाजसेवा’ या नावाने जे ओळखले जाते त्याची मुळे तिथे फार वेगळी दिसतात.

दुष्काळाची हकिकत वाचकांना ठाऊक आहे. १८७६ चा पाऊस गेला, दख्खनची पिके गेली, सरकारने खडी फोडण्याची आणि तलाव खोदण्याची कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार भरला. त्याच सुमारास दुष्काळी खर्चाला कात्री लावण्यासाठी सर रिचर्ड टेंपल नेमले गेले. त्यांनी मजुरीचे माप धान्याच्या एका पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्यावर आणि वर किरकोळ पैशांवर आणून ठेवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे पुरत नाही, असे मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश आकड्यांनिशी सांगत होते. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. गणेश वासुदेव जोश्यांच्या सभेचे हे काम मोलाचे होते आणि त्याची नोंद इतिहासात नीट झालेली आहे. सत्यशोधक समाजाच्या कामाची तशी झालेली नाही.

समाज तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळींना पुण्यातले सुशिक्षित लोक धर्मबुडवे म्हणून ओळखत. लग्नात भटजी नको म्हणणारे हे लोक दुष्काळात काय करणार, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याचे उत्तर ओतूरच्या पत्रात आहे. गावे ओस पडत आहेत, लोक पोटची पोरे विकत आहेत, झाडांना पान उरलेले नाही, हे सांगून झाल्यावर सावित्रीबाई कामाचे बोलतात. सत्यशोधकांनी ठिकठिकाणी कमिट्या केल्या आहेत, अन्न पोचवण्यासाठी तुकड्या बांधल्या आहेत. त्या स्वतः कोंडाज आणि उमाबाई या दांपत्याकडे उतरल्या आहेत. ओतूरचे शास्त्री, गणपती सखाराम, डुंबरे पाटील ही मंडळी भेटीला यायची आहेत. जोतीरावांनी साताऱ्याहून आधी ओतूरला यावे आणि मग नगरकडे जावे, असेही त्या सुचवतात. रावबहादूर कृष्णाजीपंत आणि लक्ष्मणशास्त्री हे दोघे त्यांच्यासोबत दुष्काळी भागात फिरले आणि त्यांनी लोकांना पैशांची मदत केली, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. ज्यांना समाजाचा इतिहास केवळ जातीच्या भांडणाचा वाटतो त्यांनी ही ओळ वाचावी, आणि ज्यांना तो तसाच राहायला हवा असतो त्यांनीही.

मग पत्राला वळण मिळते. सावकारांनी दुष्काळाचा फायदा उठवला, दंगे पेटले, गोरे शिपाई आले आणि पन्नास सत्यशोधकांना धरून आणले. अन्न वाटणारे लोक दंगेखोर म्हणून पकडले गेले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतले. निरपराध माणसांवर आळ घेऊन त्यांना का पकडले, असा सरळ सवाल त्यांनी केला आणि सुटकेची मागणी केली. कलेक्टरने शिपायांनाच झापले, हे पाटील-शेतकरी काय दरोडे घालतात, यांना सोडा असे सांगितले आणि जोंधळ्याच्या चार बैलगाड्या पाठवून दिल्या.

हा प्रसंग सावित्रीबाईंच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तसा तो आहेच. पण मला त्यात अटकेचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. शिपाई एवढे चुकले का? जुन्नरच्या आसपास पुणे-नगरच्या गावांत दोनच वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. मे १८७५ मध्ये सुप्याला पेटलेला तो वणवा सरकार विसरले नव्हते. त्या उठावातल्या माणसांत आणि दुष्काळात भाकरी वाटणाऱ्या माणसांत शिपायाला फरक दिसला नाही, कारण तो फारसा नव्हताच. तीच गावे, तीच कुणबी-माळ्यांची घरे, तोच सावकार. बाहेरून आलेला दानशूर शेठ पकडला गेला नसता. पकडले गेले ते गावचेच लोक, ज्यांचे स्वतःचे शेत करपले होते आणि जे शेजाऱ्याच्या पोटाची व्यवस्था करत होते. स्थानिक मदतगटाचे बळ याच जागी आहे आणि त्याचा धोकाही याच जागी आहे. कुणाच्या घरात काय शिजले, कुणाची सून उपाशी बाळंत झाली, कुणाची जमीन कुणाकडे गहाण पडली, हे त्यांना विचारावे लागत नाही. पण जो हे सगळे जाणतो तो उपासमारीचे कारणही जाणतो, आणि ते कारण त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय राहत नाही. म्हणून सेवा आणि संघर्ष यांची दोन खाती पाडणे ही चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. १८७७ च्या ओतुरात ती खाती एकच होती.

यावर आक्षेप येतील. पहिला, चार बैलगाड्या जोंधळा आणि काही गावांतल्या कमिट्या यांनी लाखोंच्या दुष्काळात काय फरक पडला? सरकारी कामांवर यापेक्षा कितीतरी अधिक माणसे जगली. हे खरे आहे. पण सरकारी मदत मिळवायला कामावर चालत जावे लागे आणि दिवसभर राबावे लागे. म्हातारा, आजारी, लेकुरवाळी आणि आईबाप गमावलेले पोर या अटीत बसत नव्हते. समाजाने लक्ष घातले ते नेमके त्यांच्याकडे. पत्रानंतर सुमारे महिन्याभराने, २४ मे १८७७ च्या ‘ज्ञानप्रकाशा’त जोतीरावांच्या सहीचे मदतीचे आवाहन छापून आले. दुष्काळात उघड्या पडलेल्या मुलांसाठी समाजाने काढलेल्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी ते होते. धनकवडीचा हा आश्रम म्हणजे सरकारी हिशेबातल्या भोकावर लावलेले ठिगळ होते आणि भोक कुठे आहे हे समाजाला बरोबर कळले होते. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगालाही मान्य करावे लागले की, जे काम करू शकत नाहीत त्यांना त्यांच्या गावातच, कामाची अट न घालता मदत दिली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आश्रमाला राणीचे नाव देणारे, कलेक्टरच्या सज्जनपणाची वाखाणणी करणारे हे लोक संघर्ष कसला करणार? नावावरून निष्ठेची परीक्षा घ्यायची असेल तर त्या काळातले फार थोडे जण उत्तीर्ण होतील. जोतीराव तेव्हा पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते आणि सरकारदरबारी कोणत्या दारावर कशी थाप मारायची हे त्यांना ठाऊक होते. शिवाय पत्र बारकाईने वाचले तर कलेक्टरची स्तुती सुटकेनंतर येते, आधी येतो तो सवाल. ज्याच्याकडे जोंधळा आहे आणि कोठडीची किल्लीही आहे त्याच्याशी दोन्ही भाषांत बोलावे लागते. राणीचे नाव घेतल्याने पोरांच्या ताटातली भाकरी वाढत असेल तर ते घेण्यात मला कमीपणा दिसत नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याचा: हे सारे एका पत्रावर, तेही पत्नीने पतीला लिहिलेल्या पत्रावर उभे आहे. खासगी पत्रात मोठेपणा मिरवायला वाव असतो, हे मान्य. पण या पत्रातल्या ठळक गोष्टींना बाहेरून दुजोरा मिळतो. सावकारांविरुद्धचा रोष सरकारी कागदांतही आहे, त्यावर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. समाज दुष्काळाच्या कामात होता हे ‘ज्ञानप्रकाशा’तले आवाहन सांगते. आणि ओतूर हे समाजाचे खरोखरच ठाणे होते याचा दाखला सात वर्षांनी मिळाला. १८८४ मध्ये ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजींना न बोलावता घरची लग्ने लावली, गावजोशी आपल्या हक्कासाठी कोर्टात गेले आणि प्रकरण थेट हायकोर्टापर्यंत पोचले. गावजोश्याला कोर्टात तोंड देणारी घरे एका रात्रीत तयार होत नाहीत. दुष्काळात ज्यांनी एकमेकांची चूल सांभाळली त्यांच्यात पुढे असा एकोपा राहिला, हे माझे अनुमान आहे, पण ते वावगे वाटत नाही.

या मार्गाची किंमतही नजरेआड करता येत नाही. वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला आणि त्या रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना वंदन करणारे आपण दवाखान्याची आठवण ठेवतो, ओतूरची कोठडी मात्र विसरतो. सेवेची मूर्ती करून ठेवणे सोयीचे असते, तिने कुणाला अडचणीचा प्रश्न विचारलेला असला की सोय राहत नाही. देणगीच्या पावत्या आणि छायाचित्रे यांतच गुंतलेली बरीच मंडळे आज आपल्या भागातल्या सावकाराचे, ठेकेदाराचे किंवा रेशन दुकानदाराचे नावही घेत नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्यांचे अन्न खोटे नसते, पण ते वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशीची भूक जिथल्या तिथे असते.

दुसरी वाट पुण्यातच आहे. मजुरीसाठी आणि कायद्यासाठी भांडणाऱ्या हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचे केंद्र सुरू केले. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकताच उठत होता. ही भाकरी फुकट मिळत नाही. ओझे वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात ती विकली जाते आणि केंद्राचा कारभार त्याचीच संघटना पाहते. हमालीचे दर ठरवताना व्यापाऱ्यासमोर बसणारी संघटना आणि दुपारचे जेवण देणारी संघटना तिथे एकच आहे.