वजन घटवताना तेल किती?

धुळे-सुरत महामार्गावरच्या विसरवाडीत काय किंवा पुण्यात काय, वजन उतरवायचे ठरले की पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. हिशेब बरोबरच आहे. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, पिठातल्या पिष्टमय भागातून ४. पण स्निग्धांश पार तोडले, तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशय नीट रिकामे होत नाही, खड्यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या ३० टक्के; म्हणजे १,५०० कॅलरींच्या आहारात जास्तीत जास्त ५० ग्रॅम. त्यात दूध, अंडी, मटण सगळे आले. मूठभर शेंगदाण्यांतच १२ ते १५ ग्रॅम जातात, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. फोडणीला मग दिवसभरात चहाचे तीन-चार चमचे तेल उरते.