तार तुटली, तर यंत्र काय करेल?

रोबो म्हटले की हातपाय हलवणारा यंत्रमानव डोळ्यांसमोर येतो. पण नवजात शिशू कक्षातला वॉर्मरही त्याच जातकुळीतला. बाळाच्या पोटावर चिकटवलेला छोटासा प्रोब त्वचेचे तापमान मोजतो. नियंत्रक ते साधारण ३६.५ अंश सेल्सिअस या ठरवून दिलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि वरचा हीटर कमी-जास्त करतो. जाणणे, ठरवणे आणि कृती करणे, या तीनच पायऱ्या. कारखान्यातला यांत्रिक हातही याच पायऱ्यांनी चालतो. फरक एवढाच, की इथे हीटरखाली दीड किलोचे बाळ असते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वस्त वॉर्मर, सलाइन संपल्याची सूचना देणारे उपकरण असे प्रकल्प घेऊन आमच्याकडे येतात. मुले हुशार असतात. सुटे भाग निवडताना किंमत आणि अचूकता हे दोन्ही त्यांनी पाहिलेले असते. मी त्यांना तिसरा प्रश्न विचारतो : हा भाग बिघडला, तर कोणत्या बाजूने बिघडेल?

तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरचेच पाहा. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, उतरले की वाढतो. वैद्यकीय उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रकारात तो २५ अंशांना २,२५२ ओहम असतो. आता प्रोबची तार आतून तुटली तर? रोध अमर्याद होतो. भोळ्या नियंत्रकाला वाटते, बाळ बर्फासारखे गार पडले आहे, आणि तो हीटर पूर्ण ताकदीने लावतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ना नीट घाम येतो, ना बाजूला सरकता येते. म्हणून जिवंत बाळात अशक्य असलेला आकडा आला, की तो ‘थंडी’ नव्हे तर ‘बिघाड’ मानायचा, हीटर बंद करायचा आणि अलार्म वाजवायचा, अशी रचना आधीपासून हवी. मात्र प्रोब त्वचेपासून थोडासा सुटला, तर येणारा आकडा चुकीचा असूनही शक्य कोटीतला असतो. तो नियंत्रकाला ओळखता येईलच असे नाही. तिथे सिस्टरचा हात आणि डोळाच लागतो.

दुसरा भाग हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचा. वारंवार ठिणग्या पडून साध्या रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटू शकतात. सॉलिड स्टेट रिले आवाज करत नाही, झिजत नाही. पण तो बिघडतो तेव्हा बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग नियंत्रकाने कितीही ‘बंद’ सांगितले तरी हीटर तापतच राहतो. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे : ठराविक उष्णतेला वीज तोडणारा वेगळा थर्मल कट-आउट, ज्याला प्रोग्रॅमची परवानगी लागत नाही.

अशा स्वतंत्र अडसराचे मोल जगाने महागात शिकले आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. त्यांतील किमान तिघे दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा अडवणारे स्वतंत्र अडसर होते. नव्यात भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष होते.

तिसरी गोष्ट आपल्या हवामानाची. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप बहुधा ० ते ७० अंशांसाठी असतात, औद्योगिक दर्जाच्या उणे ४० ते ८५ अंशांसाठी. सत्तर अंश पुष्कळ वाटतात. पण विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हीटरजवळच्या बंद, धूळ भरलेल्या डब्यात पारा कुठवर जाईल, याचा हिशोब करावा लागतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. विजेचा दाब खालीवर होणे आहेच.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. चौकशीत वॉर्मरच्या नियंत्रण पॅनलमधील ठिणगीचा उल्लेख झाला. यंत्र विकत घेण्याइतकीच त्याची तपासणी आणि वेळेवर बदललेला सुटा भाग महत्त्वाचा असतो. म्हणूनच विद्यार्थ्यांना मी सांगतो, पाच वर्षांनी तालुक्याच्या गावी जो भाग मिळेल, तोच निवडा. न मिळणाऱ्या उत्तम प्रोबची जागा शेवटी चिकटपट्टी घेते.

घरीही हा विचार उपयोगी पडतो. बीपी मशीन किंवा नेब्युलायझरचा अडॅप्टर हरवला, तर पिन बसते म्हणून कुठलाही लावू नका; व्होल्टेज आणि धन-ऋण टोके तीच हवीत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म त्रासदायक वाटला, तरी कारण कळेपर्यंत बंद करू नका. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा घरी जोडलेले यंत्र प्रदर्शनात जरूर मांडा, रुग्णाला मात्र लावू नका.

आणि घरातले मूल रोबोचे किट घेऊन बसले असेल, तर त्याचे कौतुक करून झाल्यावर एक तार काढून पाहायला सांगा. रोबो थांबला, तर मुलाने विचार केला आहे. सुसाट सुटला, तर शिकण्याची खरी सुरुवात तिथून करता येईल.