ओटा बांधण्याआधी बाईच्या कोपराचे माप घ्या

घरकुलाचा हप्ता जमा झाला की आपल्या वस्तीत पहिली चर्चा होते ती पायव्याची, स्लॅबची आणि समोरच्या दरवाजाची. स्वयंपाकाचा ओटा सर्वांत शेवटी येतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, मिस्त्रीला दुसऱ्या कामावर जायची घाई असते. तो आपल्या सवयीच्या मापाने ओटा बांधून मोकळा होतो. ज्या बाईला त्या ओट्यापुढे पुढची वीस-तीस वर्षे उभे राहायचे आहे, तिला कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही ओट्याचा विषय घेतला आहे.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत आपल्या आयाबहिणी दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. इतर वेळी अनेकजणी सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास बिड्या वळतात. संध्याकाळी पुन्हा जमिनीवरच्या चुलीपुढे उकिडवे बसायचे आणि धूर गिळायचा. कंबर, गुडघे आणि छातीला विसावा कधी मिळायचा? लाकूड-गोवऱ्यांच्या धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोल जातात. या धुरामुळे फुफ्फुसाचे जुनाट आजार, लहान मुलांना न्यूमोनिया, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ओटा म्हणजे चैन नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरले आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही मोजलेली आहे. ती जागा नकाशातच पक्की करा.

मधला ओटा आपल्या घरात बसेल का?

टीव्हीवरच्या घरांत स्वयंपाकघराच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा ओटा दिसतो. दोन फूट रुंद ओटा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांची वाट धरली, तर आठ फूट रुंदी त्यातच जाते. आपल्या घरकुलात हे बसत नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे दोन माणसे समोरासमोर उभी राहून काम करू शकतात. भिंतीला लांबीने चिकटलेल्या ओट्यापुढे बाई एकटी, घराकडे पाठ करून उभी असते.

यावर उपाय आहे. ओट्याचे फक्त एक टोक भिंतीला टेकवा आणि बाकीचा साडेतीन-चार फूट भाग खोलीत येऊ द्या. दोन्ही बाजूंना निदान अडीच फूट वाट ठेवा. शेगडी भिंतीकडच्या टोकाला असावी. मोकळ्या टोकाला ठेवली तर धावत्या मुलांचा धक्का लागून भाताचा गंज अंगावर येऊ शकतो. मोकळे टोक भाजी कापायला आणि पीठ मळायला ठेवा.

उंची कशी ठरवायची?

स्वयंपाक करणाऱ्या बाईने अनवाणी, सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्या आणि त्यातून ४ ते ५ इंच वजा करा. ही कापण्या-मळण्याच्या जागेची उंची. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती साधारण ३२-३३ इंच येते. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच असते, म्हणून शेगडीखालचा भाग तेवढा खाली, सुमारे २८ इंचांवर हवा. दोन पातळ्या जमत नसतील तर सगळा ओटा ३० इंच ठेवा आणि कापताना खाली जाड पाट घ्या. ओटा फार उंच झाला तर खांदे आणि मान दुखतात, फार ठेंगणा झाला तर कंबर. खाली पायाची बोटे आत जातील एवढी तीन इंचांची खाच ठेवली की ओट्याला लागून सरळ उभे राहता येते.

गॅस आणि धूर

सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरची जागा दार लावून बंद करू नका आणि भिंतीत जमिनीजवळ एक झरोका ठेवा. खिडकी शेगडीच्या नेमकी मागे नको, वाऱ्याने ज्योत विझते. ती बाजूला घ्या. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. वास आला तर विजेचे बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

सिलिंडर महाग, म्हणून चूल अजून सुटलेली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मग चूल सपरीत घ्या. तीही विटांच्या चौथऱ्यावर मांडा आणि वर धुराला वाट ठेवा.

आधी करून पाहा

बांधण्यापूर्वी चुन्याने जमिनीवर ओट्याची रेघ मारा. ठरलेल्या उंचीवर विटा रचून फळी टाका. या फळीवर चार दिवस भाजी कापा, पीठ मळा. विस्तव मात्र फळीवर नको. वाट अडते का, खांदा दुखतो का, हे बाईलाच विचारा. मगच मिस्त्रीला माप द्या.

परळच्या चाळीत दोन लहान खोल्यांत रमाईंनी मोठ्या कष्टाने संसार केला. आज त्यांच्या नावाच्या योजनेतून आपल्याला घर मिळते. त्या घरात बाईची कंबर मोडू नये, एवढे तरी आपण पाहू. आणि ओट्याची दुसरी बाजू मोकळी ठेवलीच आहे, तर तिथे घरातल्या पुरुषाने आणि मुलानेही उभे राहावे. समता घरातही दिसली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!