संगणकीय प्रशिक्षण आणि दिव्यांग व्यवसायबंधू : काही व्यावहारिक विचार

२०२०च्या टाळेबंदीनंतर आपल्या व्यवसायातील निरंतर शिक्षणाचे स्वरूप बरेच पालटले. पूर्वी मोठ्या शहरांतील सभागृहांत भरणारे अनेक वर्ग आता संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरतात. द्रव्यगुण, पंचकर्म, भैषज्यकल्पना, औषधालयाचे व्यवस्थापन अशा विविध विषयांचे अभ्यासक्रम घरबसल्या उपलब्ध झाले, ही निःसंशय समाधानाची गोष्ट होय. ज्यांना प्रवासच दुष्कर, अशा दिव्यांग व्यवसायबंधूंना तर ही सोय विशेष उपकारक ठरावयास हवी होती. परंतु अभ्यासक्रम तयार करताना त्यांचा विचार झालेला नसेल, तर घरी बसूनही त्यांना त्यात प्रवेश मिळत नाही. ही अडचण कोठे उत्पन्न होते आणि अल्प श्रमात ती कशी दूर करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रश्न कोणाचा?

२०११च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यानंतर आलेल्या दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले; १९९५च्या कायद्यात ते केवळ सात होते. तरीही "आमच्या वर्गात असा विद्यार्थी येतच नाही," असे म्हटले जाते. ज्याला नोंदणीचा अर्जच वाचता आला नाही, त्याचे नाव हजेरीपटावर येणार कसे?

शिवाय दिव्यांगत्व जन्मजातच असते असे नाही. मधुमेहाने वा काचबिंदूने दृष्टी मंदावलेले ज्येष्ठ वैद्य, ऐकू कमी येणारे औषधालयाचे मालक, कंपवातामुळे माऊस स्थिर धरू न शकणारे चिकित्सक हे सर्व आपल्यातलेच आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःस दिव्यांग म्हणवीत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. अभ्यासक्रम मध्येच सोडून देतात. मग औषधसुरक्षेविषयीची नवी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याची झळ अंती रुग्णास लागते.

अक्षर दिसते, पण वाचले जात नाही

दृष्टिबाधित व्यक्ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या, साहाय्याने संगणक वापरतात. 'एनव्हीडीए' ही अशी आज्ञावली विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. मात्र तिला वाचण्याजोगे अक्षर मिळाले पाहिजे.

मराठी टिपणांची मोठी अडचण येथेच आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो रोमन अक्षरे व चिन्हे या रूपात साठविलेला असतो. परिणामी 'गुडूची' हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसत असूनही कानावर निरर्थक अक्षरांची मालिका पडते. ग्रंथाची पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ तर संगणकाच्या दृष्टीने निव्वळ चित्र असते; तेथे स्क्रीन रीडर मूकच राहतो.

याची परीक्षा कोणालाही करता येईल. टिपणातील एक ओळ उचलून भ्रमणध्वनीच्या संदेशात चिकटवावी. तीच मराठी ओळ उमटली, तर अक्षर बहुधा शुद्ध आहे. चिन्हांची गर्दी झाली वा ओळ उचलताच आली नाही, तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, तपासून घ्यावा. श्लोक चित्ररूपाने न देता अक्षररूपाने द्यावेत. शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षक म्हणूनच नोंदवावीत. त्यामुळे श्रोत्यास एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येते.

"हे पहा" पुरेसे नाही

प्रात्यक्षिकाच्या चित्रफितीत शिक्षक कढईकडे बोट दाखवून "हे पहा, आता पाक झाला," असे म्हणतात. ज्याला दिसत नाही, त्याला या वाक्यातून काहीच मिळत नाही. वास्तविक आपल्या शास्त्राने स्नेहसिद्धीची लक्षणे केवळ डोळ्यांवर सोपविलेली नाहीत. कल्क बोटांनी मळला असता त्याची वात होते, अग्नीवर टाकला असता तडतड होत नाही, तेलावर फेस येतो तर तुपावरील फेस शमतो, अपेक्षित गंध, वर्ण व रस उत्पन्न होतात. शिक्षकांनी ही लक्षणे कृतीबरोबर उच्चारली, तर दृष्टिबाधितास विषय कळतोच, आणि डोळस विद्यार्थ्याचे आकलनही अधिक पक्के होते.

द्रव्यांच्या छायाचित्रांनाही हाच न्याय लागू पडतो. चित्रासोबत "हिरडा" एवढेच न लिहिता आकार, कंगोरे, पृष्ठभाग, रंग यांचे दोन वाक्यांत वर्णन जोडावे. "लाल अक्षरांतील द्रव्ये वर्ज्य, हिरव्या अक्षरांतील ग्राह्य" अशी केवळ रंगावर आधारलेली सूचना टाळावी. लाल-हिरव्यातील भेद न ओळखणाऱ्यास ती निरुपयोगी ठरते. रंगाबरोबर 'वर्ज्य' हा शब्दही लिहावा.

जिभेच्या वर्णाची परीक्षा यांसारखी काही कौशल्ये मुळातच दृष्टीवर अवलंबून आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यामुळे त्या विषयाचे ज्ञान मिळविण्याचा मार्गच बंद करणे समर्थनीय नाही.

एका अक्षराचे मोल

श्रवणबाधितांसाठी चित्रफितीखाली बोलण्याचा मजकूर, म्हणजेच सबटायटल्स, असणे आवश्यक आहे. हल्ली संगणक ती आपोआप तयार करतो. परंतु संस्कृतप्रचुर परिभाषा ऐकताना तो वारंवार चुकतो. 'अशोधित वत्सनाभ वापरू नये' या वाक्यातील आरंभीचा 'अ' गळला, तर अर्थ नेमका उलटा होतो. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारख्या द्रव्यांच्या बाबतीत हा केवळ मुद्रणदोष राहत नाही. म्हणून यंत्राने केलेला मजकूर जाणकार वैद्याने आद्योपांत वाचल्याशिवाय प्रसृत करू नये. व्याख्यात्याच्या मुखावर पुरेसा प्रकाश असावा, कारण अनेक श्रवणबाधित ओठांच्या हालचालींवरूनही बोलणे जाणतात. व्याख्यानाचे लिखित रूप स्वतंत्रपणे दिल्यास सर्वांनाच उजळणीस उपयोग होतो.

परीक्षेतील अडथळे

अभ्यास पूर्ण करूनही प्रमाणपत्र हुकते ते परीक्षेच्या रचनेमुळे. प्रश्नामागे ३० सेकंदांची मर्यादा असेल, तर प्रश्न व चारही पर्याय ऐकून होण्यापूर्वीच वेळ संपते. औषधाचे नाव माऊसने ओढून योग्य चौकटीत टाकावयाचा प्रश्न कंपवाताच्या व्यक्तीस अशक्यप्राय होतो. वेळ वाढवून देण्याची सोय ठेवणे आणि प्रत्येक प्रश्न केवळ कळफलकाने सोडविता येणे, एवढ्याने मोठा अडसर दूर होतो. आंतरजालावरील सुगमतेचे 'डब्ल्यूसीएजी' हे आंतरराष्ट्रीय निकष यासाठी मार्गदर्शक आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २.२ या आवृत्तीत, ओढून करावयाच्या क्रियेस सोपा पर्याय असावा, असे सांगितले आहे. सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हाही त्यांतील निकष आहे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे छापणाऱ्यांनी तो अवश्य ध्यानात घ्यावा.

कायद्याची भूमिका

२०१६च्या अधिनियमात 'वाजवी सोय' नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय सेवांची सुगमता हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्या प्रकरणात ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकाविण्याच्या अटीमुळे आम्लहल्ल्यातील पीडितांची अडवणूक झाली होती. परीक्षेतील उपस्थिती कॅमेऱ्याने तपासणाऱ्या संयोजकांनी पर्यायी व्यवस्था ठेवणे का अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आरंभ कोठून करावा?

जुने सर्व अभ्यासक्रम एकदम सुधारणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून पुढील अभ्यासक्रमापासून आरंभ करावा आणि जुन्यांपैकी औषधसुरक्षेचे विषय प्रथम हाती घ्यावेत. नोंदणीच्या अर्जात "आपणांस कोणती विशेष सोय हवी?" हा एक प्रश्न घालावा व उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. अभ्यासक्रम खुला करण्यापूर्वी माऊस बाजूस ठेवून तो स्वतः आरंभापासून प्रमाणपत्रापर्यंत पूर्ण करून पाहावा. त्यानंतर एखाद्या दृष्टिबाधित व एखाद्या श्रवणबाधित व्यक्तीकडून, योग्य मानधन देऊन, त्याची तपासणी करवावी.

औषधालयाच्या मालकांनीही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम निवडताना संयोजकांस या सोयींविषयी अवश्य विचारावे. शुल्क भरणाराच हा प्रश्न करू लागला, तर संयोजकांस त्याची दखल घ्यावीच लागेल. ज्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली, त्यांची केवळ दृष्टी वा श्रवण मंदावले म्हणून आपल्या शास्त्राशी ताटातूट होऊ नये, यासाठी आपल्या वाचकांनी एवढे करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.