कोंबड्यांचे आंबोण

वारजे गाव 1997 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले आणि सातबाऱ्यावरची शेते एकामागून एक इमारतींच्या नकाशांत लुप्त झाली. तरीही जुन्या गावठाणात पहाटे एखादा कोंबडा आपला पूर्वापार हक्क बजावतोच. आमच्या परसातही चार तलंगा आणि एक थोराड कोंबडी असा लहानसा परिवार आहे, व त्यांच्या खुराकाची तजवीज करताना एक जुनाच शिरस्ता मला नव्याने शिकावा लागला.

हौशी मंडळींत हल्ली ‘फर्मेंटेड फीड’चा मोठा बोलबाला आहे. त्याचे वर्णन मी मोठ्या उत्साहाने शेजारच्या आत्यांपुढे केले, तेव्हा सारी हयात म्हशींच्या दावणीशी घालवलेल्या त्या बाई एवढेच म्हणाल्या, “अहो, हे तर आंबोणच की!” सरकीची पेंड, चुनी आणि कोंडा भिजवून दुभत्या जनावरापुढे ठेवण्याचा प्रघात ज्या घरांत होता, त्या घरांतल्या कोंबड्यांना मात्र कोरडी कणीच मिळे.

कृती म्हणाल तर इडलीच्या पिठाहून अवघड नाही. मका, ज्वारी व गहू यांचा जाडसर भरडा चिनी मातीच्या बरणीत घालून त्यावर दोन बोटे पाणी राहील असे करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असल्यामुळे ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे, आणि विरजणादाखल चमचाभर ताक घालावे. जर्मनचे वा पितळेचे पातेले येथे सर्वथा नामंजूर, कारण आंबटात ते कळकते. दिवसातून दोनदा ढवळले की चैत्र-वैशाखात चोवीस तासांत, पौषात मात्र तीन दिवसांनी, भरड्यातून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात आणि ताकाचा सौम्य आंबूस वास सुटतो. वरती पांढरट साय धरली तर ती यीस्टची समजून ढवळून टाकावी. पण हिरवी-काळी लव दिसली, तर काटकसरीचा विचार न करता सारे फेकून द्यावे.

या आंबण्यात लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंचा कारभार चालतो आणि सामू चाराच्या आसपास उतरला म्हणजे साल्मोनेलासारख्या उपद्रवी जिवाणूंना तेथे तग धरणे कठीण होते. धान्यातील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या रूपाने कुलुपबंद असतो. भिजवण-आंबवणीत त्यातला काही मोकळा होऊन कोंबडीच्या अंगी लागतो. तिच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीतही याच कुळातले जिवाणू नांदतात, म्हणजे आपण बरणीत करतो ते तिला अगदीच अपरिचित नव्हे. शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या वाटीत ठेवावा, कारण त्यातील चुना आम्लाला मारतो आणि आंबण रेंगाळते. अंड्याच्या कवचासाठी तो हवाच, पण बरणीत नको.

डेन्मार्कमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांवर झालेल्या एका प्रयोगात आंबवलेल्या खाद्याने खाणे कमी लागून अंड्याचे वजन वाढले. त्याचबरोबर कोंबड्यांची आपसांतली भांडखोरी वाढून पिसाऱ्याची दुर्दशा झाल्याचेही आढळले, ही दुसरी बाब उत्साही लोक सहसा सांगत नाहीत. आमच्या थोराड बाईसाहेबांनी दोन तलंगांच्या शेपट्या उपटल्या, त्यामागे आंबोण होते की निव्वळ स्वभाव, हे मी ठरवू शकलेलो नाही.

बुरसलेले धान्य आंबवून शुद्ध होते हा समज मात्र घातक आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये सहस्रावधी टर्की पक्षी मेले, त्याचे मूळ शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीत सापडले आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला ठाऊक झाले. बरणीतल्या आंबटपणाचा भरवसा धरून ते विष परसात आणू नये. पावसाळ्यात म्हणूनच मी मका एकदम न भरता आठवड्यापुरताच आणतो.

सकाळी बरणीचे फडके सोडताच पाची जणी पायांत येतात. अर्ध्या तासात संपेल इतकेच थाळीत वाढून उरलेले उचलायचे, आणि तळाशी डावभर शिल्लक ठेवून त्यावर नवा भरडा नि पाणी घालून फडके पुन्हा बांधायचे.